टानबाखच्या दोन काठांवर

जगाच्या नकाशात ज्याला टिंबाइतकीही जागा मिळत नाही, अशा एका वाडीची ही हकीकत आहे. वाडीच म्हणायची, कारण लोकवस्ती पन्नासाच्या आसपास. उतरत्या छपरांची थोडी घरे, गुरांचे गोठे, एक तळे, सभोवार शेते आणि शेतांपलीकडे सूचिपर्णी झाडांचे रान. वाडीच्या मधून एक ओढा वाहतो. त्याचे नाव टानबाख. आपल्या कोकणातल्या एखाद्या व्हाळाएवढाही तो रुंद नाही. दहा वर्षांच्या पोराने मनात आणले तर धाव घेऊन तो सहज उडी मारून ओलांडील. वाडीचे नाव म्योडलारॉइट. जर्मनीत बव्हेरिया आणि थुरिंगिया ही दोन राज्ये जिथे एकमेकांना भिडतात, नेमकी तिथे ही वाडी वसली आहे.

या वाडीपर्यंत मी कसा पोहोचलो, ते आधी सांगतो. माझा नातू जर्मनीत होफ नावाच्या शहरी शिकायला आहे. बव्हेरियाच्या ईशान्य टोकाचे हे गाव तसे लहानच. पण तिथल्या विद्यालयात आपल्याकडची मुले बरीच दिसतात. गेल्या उन्हाळ्यात त्याने मला बोलावून घेतले. सारा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला मनुष्य मी. मला राजवाडे आणि चित्रशाळा दाखवाव्यात, असा त्याचा बेत होता. मी म्हटले, "राजवाडे पुष्कळ पाहिले. जवळपास एखादे खेडे असेल तर दाखव." तो हसून म्हणाला, "आजोबा, खेडे आहे. पण ते एक आहे की दोन, ते तुम्हीच ठरवा." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. होफपासून उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरचाच काय तो रस्ता.

भिंतींविषयी मला लहानपणापासून एक कुतूहल आहे, आणि त्याला कारणही आहे. वाईजवळच्या आमच्या गावी, मी सात-आठ वर्षांचा असताना, वडील आणि काका यांची वाटणी झाली आणि आमच्या परसात मध्यावर एक मातीची भिंत उभी राहिली. विहीर तिकडे गेली, चिंच इकडे राहिली. दोघे भाऊ पुढे अकरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. मात्र दर दिवाळीला नरकचतुर्दशीच्या सकाळी आईचे चकल्यांचे ताट त्या भिंतीवर ठेवले जाई, आणि घटकाभराने त्याच ताटात काकूंचे अनारसे परत येत. भिंत बांधणाऱ्यांनी ते ताट कधी अडवले नाही. या अनुभवाच्या जोरावर माझी अशी समजूत होती की भिंत म्हणजे काय, ते आपल्याला कळते. म्योडलारॉइटने ती समजूत दुरुस्त केली.

आता इतिहासाकडे वळू.

या मुलखात पुष्कळ गावांच्या नावाअखेर 'रॉइट' असते. रान तोडून शेतीसाठी मोकळी केलेली जागा, असा त्याचा अर्थ. म्योडलारॉइटही असेच रान तोडून वसलेले. पुढे या वाडीचे नशीब असे फिरले की ओढ्याच्या एका काठावर एका राजाची सत्ता आणि दुसऱ्या काठावर दुसऱ्याची. जर्मनीत त्या काळी लहानमोठी शेकडो संस्थाने होती. आपल्याकडे जहागिरी आणि सरंजाम यांचे ठिगळकाम असे, तशातलाच प्रकार. पूर्वेच्या काठावर रॉइस घराण्याची सत्ता होती. या घराण्याची एक मौज सांगण्यासारखी आहे. त्यातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव हाइनरिश! बाप हाइनरिश, मुलगा हाइनरिश, चुलता हाइनरिश आणि पाळण्यातला तान्हाही हाइनरिश. ओळख पटावी म्हणून नावापुढे क्रमांक घालीत. थोरल्या पातीने शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकापासून आरंभ करायचा, असा तिथला शिरस्ता. पश्चिमेच्या काठावर बायरॉइटच्या राजांची सत्ता होती; १८१० साली ते राज्य बव्हेरियाच्या राजाकडे आले. त्याच साली ओढ्याच्या काठाने हद्दीचे नवे दगड रोवले गेले. एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरे, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची.

हे दगड मी हात लावून पाहिले. शेवाळ धरलेले, गुडघ्याएवढे, निरुपद्रवी दगड. आपल्याकडे बांधाच्या धोंड्यावर गुराखी बसतो, तसे यांच्यावरही कोणी कोणी बसले असेल. कारण पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे या हद्दीचा वाडीला कसलाही जाच नव्हता. वाडीची शाळा पूर्वेच्या काठावर होती, तेव्हा पश्चिमेची पोरे ओढा ओलांडून शाळेला जात. खानावळही पूर्वेलाच, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेचे शेतकरी बियर प्यायला तिकडे जात. देवळाचे मात्र उलटे. प्रार्थनामंदिर पश्चिमेच्या बाजूला शेजारच्या ट्योपेन गावात होते, म्हणून रविवारी पूर्वेची माणसे ओढा ओलांडून ट्योपेनला जात. म्हणजे विद्या आणि मद्य एका राज्यात, देव दुसऱ्या राज्यात. सोयरिकी दोन्हीकडे, शेते दोन्हीकडे. कर भरायचा तो आपापल्या सरकारात. एवढाच काय तो भेद.

या काळात जगात काय थोड्या उलथापालथी झाल्या? १८७१ साली जर्मनीचे साम्राज्य झाले. १९१८ साली ते कोसळले. बव्हेरियाचा राजा गेला, रॉइसचे हाइनरिशही गेले. १९२० साली रॉइस आणि त्याच्या शेजारची छोटी संस्थाने मिळून थुरिंगिया हे राज्य बनले. पण ओढ्यातून जाणारी हद्द होती तिथेच राहिली. राजांची हद्द राज्यांची झाली, इतकेच. पोरे शाळेला जात होती, माणसे ट्योपेनच्या देवळात जात होती.

मग १९४५ साल उजाडले. हिटलरची जर्मनी धुळीला मिळाली आणि जेत्यांनी तिचे चार भाग केले. भाग पाडताना नवी रेघ आखण्याचा खटाटोप कोण करणार? जुन्या राज्यांच्या हद्दी कागदावर तयारच होत्या, त्याच घेतल्या. बव्हेरिया अमेरिकेच्या वाट्याला आला, थुरिंगिया रशियाच्या. युद्धाच्या शेवटी थुरिंगियात शिरले होते ते अमेरिकन सैन्य. पण ठरल्याप्रमाणे जुलै १९४५ च्या आरंभी ते मागे गेले आणि रशियन सैनिक आले. ज्या ओढ्याला आजवर कोणी फारसा विचारीत नव्हता, तो एका रात्रीत जगातल्या दोन महासत्तांची सरहद्द बनला. १८१० साली तो दगड रोवणाऱ्या गवंड्याच्या स्वप्नातही हे आले नसेल.

तरी लगेच आभाळ कोसळले नाही. ये-जा करायला परवाने लागू लागले, पहारे बसले. पण शाळा, शेती आणि सोयरिकी कशाबशा चालू राहिल्या. १९४९ साली मात्र दोन स्वतंत्र जर्मन राष्ट्रे जन्मली. मे महिन्यात पश्चिमेचे संघराज्य आणि ऑक्टोबरमध्ये पूर्वेचे लोकशाही प्रजासत्ताक. एकाच वाडीत दोन राष्ट्रे, दोन चलने, दोन पोलीस. पूर्वेकडून माणसे पश्चिमेला निघून जात होती आणि जाणाऱ्यांत तरुण, कारागीर, शिकलेले असे बहुसंख्य होते. ज्या राज्यातून प्रजाच पाय काढते, त्या राज्याने काय करावे? प्रजेला राहावेसे वाटेल असे काही करावे, हा एक मार्ग. दरवाजा बंद करावा, हा दुसरा. पूर्वेच्या सरकारने दुसरा मार्ग धरला.

२६ मे १९५२ रोजी हुकूम निघाला. सरहद्दीला लागून दहा मीटर रुंदीचा पट्टा नांगरून मोकळा ठेवायचा. त्यात पाऊल टाकले तर ठसा उमटावा म्हणून. त्याच्या आत पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा. त्याच्या आत पाच किलोमीटरचा निर्बंधित प्रदेश. म्योडलारॉइटचा पूर्वेकडचा भाग अर्थात पाचशे मीटरच्या पट्ट्यात आला. तिथे राहायला खास परवाना, यायला परवाना, रात्री घराबाहेर पडायला बंदी. वाडीच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर पुरुषभर उंचीचे लाकडी फळ्यांचे कुंपण उभे राहिले. शाळा तिकडे राहिली, देऊळ इकडे.

त्याच जून महिन्यात आणखी एक भयंकर गोष्ट झाली. सरहद्दीलगतच्या प्रदेशातून ज्यांच्यावर सरकारचा विश्वास नव्हता, अशा लोकांना उचलून आतल्या मुलखात नेऊन टाकण्यात आले. कोणाचा नातलग पश्चिमेला, कोणी देवळात नेमाने जाणारा, कोणी तोंडाने फटकळ, तर कोणाविषयी शेजाऱ्याने काही कानात सांगितले, म्हणून. काही तासांत घर सोडायचे. गाडीत मावेल तेवढे सामान घ्यायचे. सगळ्या सरहद्दीवर मिळून आठ हजारांवर माणसे अशी उठवली गेली. थुरिंगियात या मोहिमेला कागदोपत्री जो शब्द वापरला, त्याचा अर्थ 'कीड' असा होतो. पिकावरची कीड झाडावी, तशी माणसे झाडायची! पुढे १९६१ च्या ऑक्टोबरात तीच गोष्ट पुन्हा झाली, आणि त्या खेपेला मोहिमेला नाव दिले एका निळ्या रानफुलाचे. नऊ वर्षांत सरकारी शब्द तेवढा सुधारला होता.

इतिहास शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत असे की सरकारी कागदातले शब्द नीट वाचा. माणसाला माणूस म्हणायचे ज्या दिवशी बंद होते, त्या दिवशी पुढच्या गोष्टी सोप्या होतात.

ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. पन्नास माणसांच्या वाडीतही तशीच भिंत बांधली गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्योडलारॉइटमध्ये फळ्यांच्या कुंपणामागून काटेरी तारा आल्या आणि १९६६ साली काँक्रीटची भिंत. लांबी सुमारे सातशे मीटर, उंची तीन मीटरांहून जास्त. तिच्यामागे जाळीचे कुंपण, पहाऱ्याचा मनोरा, रात्रभर जळणारे दिवे. अमेरिकन सैनिकांनी वाडीला नाव ठेवले 'लिटल बर्लिन'. ते नाव पुढे जगभर झाले. १९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश मुद्दाम ही भिंत पाहायला आले होते.

जगातले मोठे लोक येऊन भिंत पाहून जात. भिंतीशेजारी राहणाऱ्यांचे काय? या वाडीतली जी गोष्ट ऐकून मी ओढ्याच्या काठी जरा वेळ बसलो, ती इथे सांगतो. पश्चिमेच्या काठावर जमीन चढती आहे; तिथून भिंतीपलीकडची घरे दिसत. पलीकडे आपलीच भावंडे, आपलेच जुने सोबती. पश्चिमेचा माणूस चढावर उभा राहून हात हलवी. पूर्वेच्या माणसाने उलट हात हलवायचा नाही, असा नियम होता. हाक मारायची नाही, हात वर करायचा नाही, ओळख दाखवायची नाही. एखादी बाई अंगणात कपडे वाळत घालते आहे, पन्नास-साठ पावलांवर तिची बहीण उभी राहून हात हलवते आहे, आणि हिने मान खाली घालून कपडेच वाळत घालीत राहायचे! बहिणीने हात हलवायचे सोडू नये, अशी हिची इच्छा असणार. आणि सोडावे, अशीही. कारण उत्तर देता येत नाही, याच्याइतके दुःख दुसरे नाही.

माझ्या परसातली भिंत मला तिथे आठवली. आमच्या वडिलांनी आणि काकांनी अबोला धरला होता. पण तो त्यांनी स्वतः धरलेला अबोला होता. आई-काकूंना ताट देऊ नका, असे सांगायची त्या दोघांची छाती झाली नसती. इथे अबोला सरकारने धरला होता, आणि तो पाळायचा होता ओढ्याकाठच्या बायांनी.

एकमेकांना भेटायचे म्हटले तर? बाहत्तर साली दोन्ही जर्मन सरकारांत करार झाला आणि पुढल्या वर्षीपासून पश्चिमेच्या सरहद्दीवरच्या लोकांना परवाना काढून पूर्वेत जाता येऊ लागले. पण म्योडलारॉइटचा पूर्वेकडचा भाग निर्बंधित पट्ट्यात. तिथे पाहुण्याला प्रवेश नाही. पूर्वेच्या लोकांपैकी म्हाताऱ्या पेन्शनरांना मात्र १९६४ पासून पश्चिमेच्या नातलगांकडे जाण्याची मुभा होती. म्हातारे पळून गेले तर सरकारची पेन्शनच वाचते! पण त्यांनाही ओढा ओलांडता येत नसे. दूरच्या नाक्यावर जाऊन, वळसा घालून, पलीकडच्या काठावर यायचे. उडी मारून जाता येईल अशा ठिकाणी पोहोचायला दिवस मोडायचा.

तरीही माणूस वाट काढतोच. १९७३ च्या मे महिन्यात एका माणसाने शिडी लावून ही भिंत ओलांडली आणि तो पश्चिमेला सुखरूप उतरला. पण या मुलखातली सर्वांत नवलाची सुटका झाली ती जमिनीवरून नव्हे. म्योडलारॉइटच्या नैर्ऋत्येला, होफच्या पलीकडे, नायला नावाचे एक गाव आहे. १६ सप्टेंबर १९७९ च्या पहाटे या गावाजवळच्या शेतात आकाशातून एक प्रचंड फुगा उतरला. पूर्वेच्या प्यॉसनेक गावच्या श्ट्रेल्झिक आणि वेट्झेल या दोन कुटुंबांनी तो घरच्या शिवणयंत्रावर शिवला होता. एका दुकानात एवढे कापड घेतले तर संशय येईल, म्हणून गावोगाव फिरून थोडे थोडे कापड जमवले. याच्या आधी जुलैत श्ट्रेल्झिक कुटुंबाचा एक प्रयत्न फसला होता. फुगा सरहद्दीच्या अलीकडेच, काही पावलांवर, खाली आला. फुगा सापडल्यावर पोलीस शोधाला लागले. मग दोन्ही कुटुंबांनी ईर्ष्येने आणखी मोठा फुगा शिवला. चार मोठी माणसे आणि चार मुले अर्ध्या तासाच्या आत आभाळातून सरहद्द ओलांडून आली. उतरल्यावर त्यांना आपण कोणत्या राज्यात आहोत हेही कळेना. पोलिसांची गाडी दिसली तेव्हा त्यांनी आधी तेच विचारले. तो फुगा आता रेगेन्सबुर्ग शहराच्या संग्रहालयात ठेवला आहे. घरी शिवणयंत्र चालवणाऱ्या प्रत्येक गृहिणीने तो एकदा पाहावा असे मला वाटते.

१९८९ च्या शरद ऋतूत या साऱ्याच मुलखाचे दिवस पालटले. प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत पूर्वेची हजारो माणसे आश्रयाला येऊन बसली होती. ३० सप्टेंबरला त्यांना जाण्याची परवानगी मिळाली आणि त्यांच्या आगगाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी याच होफच्या स्टेशनात येऊन थांबल्या. गावातले लोक चहा-कॉफी, कपडे आणि मुलांसाठी खाऊ घेऊन फलाटावर गेले होते. ज्या फलाटावर माझ्या नातवाने मला उतरवून घेतले, तोच हा फलाट. त्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, मी रोज इथून जातो; मला कोणी बोललेच नाही." मी म्हटले, "बाबा रे, घडून गेलेली गोष्ट आपण होऊन बोलत नाही. तिला विचारावे लागते."

९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. साऱ्या जगाने ती रात्र पाहिली. पण म्योडलारॉइटची भिंत त्या रात्री उघडली नाही. बर्लिनमध्ये लोक भिंतीवर चढून नाचत होते आणि या वाडीत ओढ्याच्या दोन काठांवर तेच लोक, तीच भिंत. आणखी एक महिना गेला. ९ डिसेंबर १९८९ रोजी भिंतीत पायी जाण्यापुरती वाट झाली आणि शेजारी शेजाऱ्याकडे गेला. १९५२ पासून १९८९, सदतीस वर्षे! कुंपण पडले तेव्हा जी मुले शाळेत जात होती, ती आता आजोबा-आजी होऊन एकमेकांसमोर उभी होती. पुढे १७ जून १९९० रोजी यंत्र आणून भिंत पाडण्यात आली, आणि ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाल्या.

भिंतीचा एक तुकडा मात्र मुद्दाम राखून ठेवला आहे, सुमारे शंभर मीटरांचा. मनोरा, कुंपण, नांगरलेला पट्टा, सारे जसेच्या तसे. तिथे संग्रहालय झाले आहे आणि वर्षाकाठी हजारो लोक ते पाहायला येतात. २०१५ साली 'टानबाख' याच नावाची मालिका जर्मन दूरचित्रवाणीवर आली. तिच्यातले गाव कल्पित असले, तरी मूळ हेच. आणि ही सारी सरहद्द, जी एकूण १३९३ किलोमीटर लांब होती, तिच्या पट्ट्यात चाळीस वर्षे माणूस न फिरकल्याने रान आणि पाखरे यांनी घर केले. पुष्कळ ठिकाणी आज तो पट्टा राखीव रान म्हणून सांभाळतात. माणसाने माणसाला अडवण्यासाठी जे मोकळे केले, ते पाखरांच्या कामी आले.

भिंत पडली म्हणजे सारे गोड झाले, असे मात्र लिहिले तर ते खरे होणार नाही. शेजारी झाल नदीच्या काठी हिर्शबेर्ग म्हणून गाव आहे. तिथला चामड्याचा कारखाना मोठा नावाजलेला. पिढ्यान्‌पिढ्या गावाची चूल त्याच्यावर पेटे. एकीकरणानंतर दोन-तीन वर्षांतच तो बंद पडला आणि पुढे पाडला गेला. भिंतीच्या आड जे जपले गेले होते, ते उघड्या बाजारात टिकले नाही. स्वातंत्र्य आले आणि नोकरी गेली. अशा माणसाला स्वातंत्र्याचे मोल समजावून सांगणे सोपे नसते. पूर्वेकडच्या पुष्कळ घरांत ही सल अजून आहे.

आता नातवाने घातलेल्या कोड्याकडे येतो. गाव एक की दोन? आम्ही ओढ्यावरच्या लहान पुलावरून चार वेळा इकडून तिकडे गेलो. पूर्वेचा काठ गेफेल गावाच्या नगरपालिकेत मोडतो, पश्चिमेचा ट्योपेनच्या पंचायतीत. म्हणजे वाडीला महापौर दोन. पोस्टाचे क्रमांक दोन; या काठावरून त्या काठावर पत्र टाकायचे तर पत्ता दुसऱ्या राज्याचा लिहावा लागतो. दूरध्वनीला क्रमांक वेगळे. सुट्ट्याही वेगळ्या: पूर्वेला ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणेचा दिवस, पश्चिमेला १ नोव्हेंबरला सर्व संतांचा. म्हणजे एका काठावर शाळा भरलेली, तर दुसऱ्या काठावर पोरे पतंग उडवायला मोकळी. नमस्कारसुद्धा वेगळा. पश्चिमेला एक म्हातारी समोरून आली ती म्हणाली, "ग्र्यूस गॉट", म्हणजे देवाच्या नावाने नमस्कार. पूल ओलांडला तर तिथे बागेत काम करणारा गृहस्थ म्हणाला, "गुटन टाग", म्हणजे दिवस चांगला जावो. मी दोघांनाही आपला हात जोडून नमस्कार केला. दोघेही हसले.

तेव्हा गाव दोनच म्हणायचे! १८१० साली दगडांनी जी रेघ आखली, ती आजही तिथेच आहे. जर्मनी एक झाली म्हणून ती पुसली गेली नाही, आणि पुसावी असे तिथे कोणाला वाटतही नसावे. सव्वाशे वर्षे ती कोणाला टोचली नव्हती. मग सदतीस वर्षे तिने माणसांचे हात धरून ठेवले. आता पुन्हा ती कोणाला टोचत नाही. रेघ तीच. ओढा तोच. बदलले ते एवढेच की रेघेकडून काय काम करून घ्यायचे, हे ठरवणारी माणसे बदलली. इतिहासाची पुस्तके हद्दी कुठून गेल्या, ते सांगतात. हद्दीवरून पोर शाळेला जाऊ शकत होते का, आणि बहिणीला बहिणीकडे पाहून हात हलवता येत होता का, हे विचारायचे काम आपले आहे. वर्गात मी नकाशावर छडी ठेवून हद्दी दाखवल्या खऱ्या, पण हा प्रश्न मी मुलांना कधी विचारला नाही, याची चुटपुट मला तिथे लागली.

परतताना नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या परसातल्या भिंतीचे पुढे काय झाले?" त्याने ती पाहिलेली नाही. मी सांगितले, एका वर्षी श्रावणात पाऊस फार झाला आणि भिंत मधोमध ढासळली. वडील घमेले घेऊन गेले, पलीकडून काका आले. दोघांनी पडलेल्या मातीकडे पाहिले. काका म्हणाले, "दादा, चिखलात उभे राहू नका, पाय घसरेल." अकरा वर्षांनी बोललेले तेवढेच वाक्य. माती दोघांनी मिळून उचलली आणि चिंचेच्या आळ्यात नेऊन टाकली. वाटणी मात्र कायम राहिली. सात-बारा वेगळा, चूल वेगळी. विहीर अजून तिकडच्यांची आणि चिंच आमची. पाणी आम्ही त्यांच्या विहिरीचे भरतो, चिंचा ते आमच्या पाडतात.

नातू थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "यंदा दिवाळीला फराळाचा डबा जरा मोठा पाठवा. इथे आमच्या वसतिगृहात शेजारच्या खोल्यांना द्यायचा आहे." डबा रवाना झाला आहे. चकल्या आमच्याकडच्या आहेत, अनारसे पलीकडच्या घरून आले आहेत.